सरळ झालेला गुडघा

त्या दिवशी लाकडाच्या कारखान्यातली सगळी यंत्रं बंद होती आणि तरीही घरातले सगळे तिथेच जमणार होते, कारण बाबांना वर घरात जाता येत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना जिने करून देणारा माणूस आता स्वतःच्याच जिन्याखाली खाट टाकून राहत होता. घरात हे कुणी बोलून दाखवत नसे. बाहेरच्यांनी मात्र यथेच्छ बोलून घेतलं होतं. लोकांना असल्या गोष्टी तोंडावाटे काढल्याशिवाय अन्न पचत नाही.

मधली मुलगी सकाळच्या गाडीने उतरली ती घरात पाऊलही न टाकता बाबांना घेऊन थेट फिजिओबाईंकडे गेली. घरात पाऊल न टाकण्याला कारण होतं. थोरल्याने तिला फोनवर सांगितलं होतं, "तू आमच्या बापाला लंगडं केलंस. आता कुठल्या तोंडाने येणार?" तिने फोन ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या उजव्या डोळ्याचा नंबर डाव्या डोळ्याला लिहून दिला होता. चष्म्याच्या धंद्यात इतकी वर्षं काढून अशी चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती. थोरला बोलला ते खोटं म्हणावं तर तसंही नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन करा म्हणून बाबांच्या मागे लागली होती तीच. एकदा घरी आली असताना तिने त्यांना जिन्यावरून उलटे उतरताना पाहिलं, कठड्याला धरून, मागे बघत, रांगणारी मुलं उतरतात तसे. तेव्हापासून तिने पिच्छा सोडला नाही.

आणि गुडघा खरंच झकास झाला. आत वळलेला, फेंगडा पाय ओळंब्यात आला. फक्त त्या पायाचा पंजा मेला.

फिजिओबाई तरुण होत्या आणि बोलायला मोकळ्या. बाबांना टेबलावर बसवून त्या म्हणाल्या, "पंजा वर उचला बघू, आपल्याकडे." बाबांनी ओठ दाबले, कपाळावर आठ्या आल्या, मांडी तटतटली. पंजा होता तिथेच लोंबत राहिला.

"गुडघा सुरेख बसलाय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांचा हात चांगला आहे. पण होतं काय, इतकी वर्षं वाकड्या जागी राहिलेली नस पाय सरळ झाला की एकदम ताणली जाते. सगळ्यांची नाही. शेकड्यांत एखाद्याची."

"तो एखादा नेमका मीच निघालो," बाबा म्हणाले.

बाईंनी त्यांच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, बोट टेकवलं. "ही बघा. इथे हाडाला वळसा घालून खाली उतरते. अगदी कातडीला लागून आहे, त्यामुळे हिला ताण सोसत नाही आणि दाबही सोसत नाही. ऑपरेशनच्या रात्री इथे काही घट्ट बांधलं होतं का? पट्टा, जास्तीचं बँडेज, असं काही?"

"नाही," बाबा म्हणाले.

ते इतक्या झटकन म्हणाले की मधलीने मान वर केली. साखर किती घालू म्हणून विचारलं तरी बाबा क्षणभर थांबून उत्तर देत. ते आता भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होते.

"आणि बांधलं असतं तर?" तिने विचारलं.

"तर लगेच सोडायचं. गुडघ्याखाली उशी देऊन तो थोडा वाकवायचा, म्हणजे नसेवरचा ताण कमी होतो. वेळेत केलं तर पुष्कळांचं बरं होतं. पण हे सगळं जरतरचं झालं. नुसत्या ताणानेही असंच होऊ शकतं, कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. आता धीर धरायचा. नस वाढते, पण गोगलगायीच्या पावलांनी. वर्षभर वाट बघू, नाहीतर पुढचं पुढे."

परतताना रिकाम्या रस्त्यावर बाबा तिच्या हाताला धरून चालले. पंजा जमिनीला घासू नये म्हणून ते गुडघा उंच उचलून पाऊल टाकत आणि पाऊल फट् करून खाली पडे. बुटातली प्लास्टिकची पट्टी त्यांनी खिशात घालून ठेवली होती. ती घातली की आपण दुकानातल्या बाहुल्यासारखे दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मधलीने त्यावरून वाद घातला नाही. तिच्या डोक्यात ते झटकन आलेलं 'नाही' घोळत होतं.

*

कारखान्यात पाऊल टाकलं आणि मधली उंबऱ्यातच थबकली. भिंतीच्या कडेने सगळीकडे कठडा होता. खाटेपासून मोरीपर्यंत, मोरीपासून टेबलापर्यंत, टेबलापासून मागच्या दारापर्यंत. नवा, गुळगुळीत, बाबांच्या मुठीत बरोबर बसेल अशा जाडीचा. जिथे वळण होतं तिथे कोपरा घासून गोल केला होता, हात अडू नये म्हणून.

"दुसऱ्यांची कामं बाजूला ठेवून हे केलंय त्याने," वहिनी हळूच म्हणाली. "ऑर्डर दिलेले लोक रोज दारात येऊन ओरडून जातात. मी काही बोलले तर मलाच म्हणतो, तुला कळत नाही."

थोरला टेबलाशी पटाशीला धार लावत उभा होता. त्याने बहिणीकडे पाहिलं आणि पुन्हा धार लावायला लागला. आई खाटेच्या पायथ्याशी बसून सदऱ्याला बटण लावत होती. तिने फक्त "आलीस?" म्हटलं. धाकटा फळ्यांच्या ढिगावर बसला होता आणि त्याचा पाय सारखा हलत होता. तो विमा कंपनीत कामाला होता. दुसऱ्यांचे दावे नाकारण्यात हयात चाललेली, त्यामुळे एकदा तरी आपण दावा ठोकावा अशी त्याला भारी हौस होती.

"सगळे आलेत ना? मग बोलूया," तो म्हणाला. "माझं म्हणणं साधं आहे. माणूस चालत आत गेला आणि लंगडत बाहेर आला. कुणीतरी जबाबदार असणारच. मी वकिलांशी बोललोय. हॉस्पिटलविरुद्ध तक्रार करायची."

"डॉक्टरांनी काय वाकडं केलं?" आई म्हणाली. "चांगला माणूस आहे. रोज येऊन बघायचा."

"आई, चांगला असण्याचा इथे काही संबंध नाही."

"संबंध कसा नाही?" थोरला म्हणाला. पटाशी त्याने खाली ठेवली. "जबाबदार शोधायला वकील कशाला हवा? बाबा नको म्हणत होते. मी नको म्हणत होतो. हे गुडघे या वयात असेच असतात, चाललंय तसं चालू दे म्हणत होतो. ही आली, चार दिवस राहिली आणि सगळं ठरवून गेली. हिला परत जायचं होतं. राहायचं आम्हाला होतं."

"दादा, बाबा उलटे उतरत होते जिना," मधली म्हणाली.

"उतरत होते ना? आता ना उलटे ना सुलटे."

धाकटा मध्ये पडला. "ताईने ऑपरेशन सुचवलं, ऑपरेशन केलं नाही. तू उगाच तिच्यावर घसरू नकोस. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं."

"तू तिच्याच बाजूने बोलणार. लहानपणापासून तेच."

"बरोबर तर बोलतोय तो," वहिनी म्हणाली आणि नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती चहाचं बघते म्हणून उठली. पण जाता जाता मधलीच्या खांद्यावर हात ठेवून गेली. मधलीला तेवढ्यानेही बरं वाटलं. ऑपरेशननंतरच्या दोन महिन्यांत बाबांखेरीज या घरातल्या कुणी तिला मायेने हात लावला नव्हता.

बाबा खाटेवर बसून सगळं ऐकत होते. बुटाची नाडी सोडत होते, पुन्हा बांधत होते.

धाकट्याने बैठक सावरली. "हे बघा, तक्रार करायची तर आपल्याला सगळं नीट सांगता आलं पाहिजे. वकील पहिली गोष्ट विचारणार ती त्या रात्रीची. ऑपरेशन झालं, बाबा खोलीत आले, त्यानंतर त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं? दादा, तू होतास तिथे. नर्स फिरकली तरी का?"

आणि थोरल्याचा चेहरा उजळला. दोन महिने हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तो थांबला असावा.

"नर्सचं काय घेऊन बसलास? मी होतो म्हणून निभावलं," तो म्हणाला. "डॉक्टरांनी संध्याकाळी येऊन सांगितलं होतं, पाय सरळ ठेवायचा, गुडघ्याखाली उशी द्यायची नाही. एवढं सांगून ते गेले. आता झोपेत माणूस पाय हलवणारच. मी काय केलं, दोन टॉवेलांच्या घट्ट वळकट्या केल्या, दोन्ही अंगांना लावल्या आणि माझा कमरेचा पट्टा काढून गुडघ्याच्या जरा खाली आवळला. आपण जोड बसवल्यावर शिकंजा लावतो ना, अगदी तसा. रात्रभर पाय तसूभर हलला नाही."

मधलीची नजर बाबांच्या पायाकडे गेली. गुडघ्याच्या जरा खाली. फिजिओबाईंचं बोट जिथे टेकलं होतं तिथे.

या कारखान्याचा एक नियम होता आणि तो या घरातली मुलं बोलायच्या आधी शिकली होती. सरस लावून जोड बसवला, शिकंजा आवळला, की सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सैल करून बघायचा नाही, ठोकून बघायचा नाही, बसला का म्हणून विचारायचंदेखील नाही. मधलीने लहानपणी एकदा कुतूहलापोटी शिकंज्याचा आटा फिरवला होता आणि बाबांनी तिला आयुष्यात मारलेली एकमेव थप्पड तेव्हा खाल्ली होती. थोरल्याने कधीच फिरवला नाही. तो सांगितलेलं ऐकणारा मुलगा होता.

"मग नर्स आली," थोरला पुढे सांगत होता, "पायाची बोटं हलवा म्हणाली. बाबांना हलवता येईनात. मी म्हटलं, अहो, कमरेत इंजेक्शन दिलंय, बधिरच असणार. तरी ती ऐकेना. म्हणे हा पट्टा काढा, बँडेज सैल करते, उशी ठेवून गुडघा जरा वाकवूया. मी म्हटलं, हात लावायचा नाही. एवढा खटाटोप करून सरळ केलाय आणि तुम्ही वाकवताय? डॉक्टर आले की सकाळी काय ते बघू. मग गेली गुमान. त्या पोरीचं ऐकलं असतं तर गुडघासुद्धा वाकडा राहिला असता. आज तो सरळ दिसतोय ना, तो असा दिसतोय."

आई म्हणाली, "रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही त्याने. उशाशी बसून होता."

"तर काय. काही लोक फोनवर विचारत होते, झोपले का बाबा."

धाकट्याचा हलणारा पाय थांबला. "थांब, थांब. नर्स बँडेज का सैल करत होती?"

"तिला काय कळतंय."

"नाही, पण तिला काहीतरी शंका आल्याशिवाय ती म्हणणार नाही. म्हणजे त्यांना तेव्हाच माहीत होतं की काहीतरी बिघडलंय! आणि डॉक्टरला रात्रीच का नाही बोलावलं? हे महत्त्वाचं आहे, दादा. त्या नर्सला साक्षीला बोलवू. तिच्या तोंडून सगळं वदवून घेऊ."

मधलीने बाबांकडे पाहिलं. बाबा तिच्याकडेच बघत होते. त्या नजरेत प्रश्न नव्हता. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, आणि तिलाही आता ठाऊक झालं हे त्यांना कळलं होतं.

तिचं तोंड उघडलंही होतं. दोन महिने छातीवर ठेवलेला धोंडा एका वाक्यात खाली ठेवता आला असता.

"बसून बसून पाय आखडला," बाबा म्हणाले. "मला जरा मागे फिरवून आण, बेटा. तोवर तुम्ही चहा घ्या."

"मी नेतो ना," थोरला पुढे झाला.

"तिला नेऊ दे. तू ती धार पुरी कर."

*

मागच्या अंगणात लाकूड रचून ठेवलं होतं, वाळायला. बाबा एका ओंडक्यावर टेकले. मधली उभीच राहिली.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"बुटातली ती पट्टी बनवून घ्यायला गेलो होतो तेव्हा त्या माणसाने हाच प्रश्न विचारला. इथे काही आवळलं होतं का. तेव्हाही नाही म्हटलं."

"आणि रात्री? दुखत नव्हतं?"

"मुंग्या येत होत्या. घोट्यापर्यंत, मग बोटांपर्यंत. मी म्हटलं त्याला, जरा सैल कर रे. तो म्हणाला, बाबा, तुम्हीच शिकवलंत ना, सकाळपर्यंत हात लावायचा नाही." बाबा किंचित हसले. "मग मी काय बोलणार? बरोबरच होतं त्याचं. लाकडाच्या बाबतीत. पहाटेपर्यंत मुंग्याही थांबल्या. मला वाटलं, चला, बरं झालं."

मधलीला रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे धड काहीच होत नव्हतं.

"दादा मला फोनवर वाट्टेल ते बोलत होता. तुम्ही शेजारी खाटेवर होता. मला तुमचा खोकला ऐकू यायचा."

"होतो."

"एकदा तरी म्हणायचं होतं, तिची चूक नाही म्हणून."

"म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग कुणाची?"

आतून थोरल्याच्या धार लावण्याचा आवाज येत होता, एका लयीत. बाबा कान देऊन ऐकत होते. अजूनही त्यांना आवाजावरून पटाशी कितपत लागली ते कळत असे.

"वाचनालयाचा गोल जिना घेतलाय त्याने," ते म्हणाले. "सगळ्या पायऱ्या वेगळ्या, प्रत्येकीचं वळण वेगळं. माझ्याशिवाय पहिल्यांदाच. आत्ताच हात थरथरतो त्याचा, मला दिसतो. त्याला जर कळलं की माझा पाय त्याच्या पट्ट्याने गेला, तर तो पुन्हा करवतीला उभा राहणार नाही. राहिला तर बोटं घालवेल. तो दिसायला दांडगा आहे गं, आतून अगदीच मऊ आहे."

"आणि मी?"

"तू सोसशील."

"मला कुणी विचारलं होतं?"

"आता विचारतोय."

तिने तोंड फिरवलं. म्हणाली, "पट्ट्यानेच झालं असेल असंही नाही. बाई म्हणाल्या ना, नुसत्या ताणानेही होतं. दादाला तसं समजावता येईल. त्याची चूक नव्हती, त्याला माहीत नव्हतं..."

"तुझी तरी कुठे होती? तुला समजावून पटलं का?"



"तुला तिथे तुझं घर आहे," बाबा म्हणाले. "दुकान आहे, चार माणसं ओळखीची आहेत. त्याला एवढंच आहे. हा कारखाना आणि मी."

"मलासुद्धा तुम्हीच आहात," मधली म्हणाली.

हे वाक्य तिने याआधी कधी उच्चारलं नव्हतं. बाबांनी तिचा हात हातात घेतला. आपलं मागणं मात्र त्यांनी परत घेतलं नाही. तिच्या मनात आलं, यांनी आत्ता एवढं म्हणावं, जा, सांग त्याला, काय व्हायचं ते होऊ दे. एवढं म्हणाले तर मी आपणहून सांगणार नाही. ती थांबली. बाबा ओंडक्यावर हात टेकून उठले आणि आत चालायला लागले, तेव्हा तिने त्यांच्या काखेत हात घातला.

*

आत धाकटा तापला होता. चहा कपातच थंड झालेला.

"सगळं जुळतंय," तो म्हणाला. "नर्सला रात्री कळलं, डॉक्टर सकाळी आला. मधला वेळ वाया गेला. वकील एवढ्यावरच खूश होईल. मी उद्याच हॉस्पिटलमध्ये जातो, तिला गाठतो आणि विचारतो, बाई, तुम्ही पट्टा का सोडत होता, सगळं सविस्तर सांगा."

"विचार की," थोरला म्हणाला. "मी समोर उभा राहतो. माझ्या तोंडावर सांगू दे काय ते."

मधलीला ते चित्र लख्ख दिसलं. हॉस्पिटलचा लांब पॅसेज, ती मुलगी, थोरल्याची ताठ मान. आणि ती मुलगी सांगतेय, अगदी साध्या शब्दांत, पट्टा का सोडायचा होता ते.

"तक्रार करायची नाही," बाबा म्हणाले.

"का नाही? बाबा, तुमचं हे नेहमीचं. कारण तरी सांगा."

"मला नको आहे."

"हे कारण झालं नाही. मी तर करणार. मुलगा म्हणून मलाही काही हक्क आहे."

बाबांनी खाटेची कड घट्ट धरली. आता ते सांगून बसतील किंवा त्यांना काहीतरी होईल, असं मधलीला वाटलं. आणि मग ती बोलायला लागली. काय बोलणार आहोत हे तिला स्वतःलाही बोलेपर्यंत नीट माहीत नव्हतं.

"तक्रार करून उपयोग होणार नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"की असा आत वळलेला गुडघा सरळ करताना नस जाऊ शकते. पंजा पडू शकतो. मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. नीट विचार करा, घरच्यांशी बोला म्हणाले. मी कुणाला सांगितलं नाही. बाबा घाबरून नाही म्हणतील म्हणून."

आईच्या हातातून बटण पडलं.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. डॉक्टरांकडे दोघं एकत्रच गेले होते, एकाच दारातून आत आणि एकाच दारातून बाहेर. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन काहीही सांगितलं नव्हतं. बाबांनी तिच्याकडे फक्त गप्प राहणं मागितलं होतं. एवढं मागितलं नव्हतं.

"ताई?" धाकटा म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "मी तुझ्यासाठी भांडत होतो. सकाळपासून."

"माहीत आहे."

"मला तरी सांगायचंस." तो फळ्यांवरून उठला, कोट उचलला, पुन्हा ठेवला, आणि तिच्याकडे पाठ करून दारात जाऊन उभा राहिला. त्यानंतर तक्रारीचं नाव त्याने काढलं नाही.

आईने बटण शोधून उचललं. "बापाच्या जिवाशी खेळलीस गं," ती म्हणाली. ओरडून नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

थोरला मात्र रागावला नाही. मधलीने त्याच्या रागाची तयारी ठेवली होती, दोन महिने तेच तर ऐकत आली होती. पण त्याच्या तोंडावर रागाचा मागमूस नव्हता. त्याचे खांदे खाली आले, श्वास सुटला, आणि तिच्या लक्षात आलं की हा माणूस स्वतःसुद्धा रात्र रात्र जागत असला पाहिजे. कुठेतरी, स्वतःलाही कळू न देता, त्याला त्या पट्ट्याची धास्ती होती. ती आता गेली. तो चालत तिच्याजवळ आला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "बोललीस हे बरं केलंस. माणसाच्या हातून होतं. तुझा हेतू काही वाईट नव्हता, तेवढं मला कळतं." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड होता आणि प्रेमाचा होता. "फक्त यापुढे बाबांचं काही ठरवायचं असेल तर आधी मला विचारायचं. मी आहे इथे त्यांना बघायला."

"विचारीन," मधली म्हणाली.

"जेवून जा. आलीच आहेस तर."

बाबांनी घसा खाकरला. ते काहीतरी बोलणार असं वाटून सगळ्यांनी तिकडे पाहिलं. ते क्षणभर मधलीकडे बघत थांबले. मग म्हणाले, "चल रे, तो गोल जिना आखायला घेऊ. उजेड आहे तोवर."

थोरल्याने लगबगीने टेबल मोकळं केलं, मोठा कागद पसरला, बाबांना हात देऊन स्टुलावर बसवलं. बापलेकांची डोकी कागदावर वाकली. बाबा काहीतरी हळू आवाजात सांगत होते आणि थोरला हं, हं म्हणत रेघा ओढत होता. त्याचा हात थरथरत नव्हता.

मधलीने इकडेतिकडे पाहिलं आणि करायला काही नव्हतं म्हणून थंड चहाचे कप गोळा करायला लागली. वहिनी लगेच पुढे आली. तिने कप मधलीच्या हातातून काढून घेतले.

"राहू दे," ती म्हणाली. "पाहुण्यांनी कशाला करायचं."